बिनदारांच्या घरातलं दार

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात तिची एकतीस वर्षं गेली, पण गल्लीत ओळख राहिली ती ‘काडेपेटीवाली’ हीच. नवऱ्याने स्वतः नकाशा काढून बांधलेलं त्यांचं घर सपाट छपराचं, चौकोनी, बिनरंगाच्या सिमेंटचं होतं. शेजाऱ्यांनी आधी ‘काडेपेटी’ म्हणून नावं ठेवली. पुढे ते घर वास्तुकलेच्या एका पुस्तकात छापून आलं, तशी तीच मंडळी पाहुण्यांना ते दाखवायला आणू लागली.

घर होतंच तसं. स्वयंपाकघराची खिडकी इतकी खाली, की भाजी चिरताना बसल्या जागी अंगण दिसायचं. छताजवळच्या फटीतून आलेलं ऊन दिवसभर भिंतीवरून सरकायचं; तिला घड्याळ लागत नसे. आणि न्हाणीघर सोडलं तर आत एकही दार नव्हतं. नवरा म्हणायचा, “घरातल्या माणसांना एकमेकांपासून काय लपवायचंय?” भांडायचं झालं की मात्र दोघं न्हाणीघरात जात, मुलाने ऐकू नये म्हणून.

मार्चमध्ये नवरा गेला. भेटायला आलेली माणसं दोन वाक्यं बोलत आणि मान वर करून छत न्याहाळत. ती चहा देई. रडू येत नव्हतं. येत नाही याचंही तिला फारसं काही वाटत नव्हतं.

दोन महिन्यांनी तिने सुताराला बोलावलं. घरातलं सगळं लाकूडकाम त्याच्याच हातचं.

“झोपायच्या खोलीला दार बसवायचंय.”

सुतार टेप हातात धरून उभाच राहिला. “वहिनी, या घराला दार? साहेबांनी मला उभा चिरला असता.”

“ते नाहीत आता,” ती म्हणाली. साखर संपलीय म्हणावं तसं.

मुलाच्या कानावर गेलंच. त्याचा फोन आला. “आई, पुस्तकातलं घर आहे ते! विचारायचंस तरी.”

“मी पुस्तकात राहत नाही रे.”

सुताराने भिंतीचा टवकाही न उडवता चौकट बसवली. दार साधं, बिननक्षीचं. दुपारी तिने ते आतून लावलं आणि पलंगाच्या कडेला बसली. आता येईल रडू, असं वाटलं होतं. नाही आलं. बाहेर सुतार हत्यारं गोळा करत होता. त्या खोलीत पहिल्यांदाच कसला तरी आवाज दबून येत होता. ती आडवी झाली आणि दिवेलागणीपर्यंत झोपली. दोन महिन्यांत इतकी सलग झोप लागली नव्हती.

रविवारी आर्किटेक्चर कॉलेजची मुलं घर बघायला आली. मापं घेता घेता एक मुलगी थबकली. “काकू, हे दार मूळ नकाशात नाही ना?”

“नाही.”

“मग का बसवलंत?”

तिने दार हलकेच ओढून पाहिलं.

“लावून घेता येतं,” ती म्हणाली.

मुलीने मान डोलावली आणि आपल्या नकाशात दार दाखवणारी छोटीशी वळणदार रेघ काढली. बाकीची मुलं गच्चीकडे निघाली होती. जिन्याला कठडा नाही, जपून जा, असं तिने त्यांना सांगितलं.