धरणाचा मालक

एरंडोलकडच्या आमच्या गावाला आजूबाजूचे लोक 'धरणवालं गाव' म्हणायचे. कसलं डोंबलाचं धरण! रोजगार हमीतून नाल्यावर घातलेली मातीची पाळ, साधा पाझर तलाव. पाणी अडवायचं, जमिनीत मुरवायचं आणि खालच्या विहिरींना झरे फुटू द्यायचे, एवढंच त्याचं काम. मोटर लावून उपसायला तो बांधलाच नव्हता. पण सरपंचाची केळी काठावरच होती. जास्त पाणी साठावं म्हणून त्यानं सांडव्यात, म्हणजे जादा पाणी वाहून जायच्या वाटेत, दगड आणि मातीच्या गोण्या रचून कंबरभर भिंत घातली. गावानं याला हुशारी म्हटलं. धन्य ते गाव!

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. त्या पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला आणि पाळीच्या पायथ्याशी पाणी झिरपू लागलं. आधी नितळ, मग गढूळ. म्हणजे आतली माती सुटत होती. तिथून हाकेच्या अंतरावर माझ्या आत्याचं घर. तिला सगळे अक्का म्हणत. घरात सून ओली बाळंतीण. अक्काचा जीव थाऱ्यावर नव्हता. मी जळगावला नोकरी करणारी, चार बुकं शिकलेली, म्हणून तिनं मला सोबत घेतलं.

आधी सरपंचाकडे गेलो. तलाव भरला की जलपूजनाचा नारळ फोडायला हाच पुढे. मासे धरायचा ठेका कुणाला द्यायचा, तेही हाच ठरवणार. गळतीचं नाव काढल्यावर मात्र म्हणाला, तलाव सरकारचा, त्यात मी काय करू? तालुक्याला गेलो तर तिथला साहेब म्हणाला, तलाव कधीच ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिलाय. वर आम्हालाच धीर दिला, की हा तलाव कमी धोक्याचा धरलेला आहे, कारण खाली वस्तीच नाही. मी म्हटलं, ही बाई त्याच वस्तीतली आहे. तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, बांधला तेव्हा नव्हती. खरंच नव्हती. तलावामुळे विहिरींना पाणी आलं, म्हणून तर माणसं तिथं राहायला गेली. पण एवढं कळायला डोकं लागतं, आणि ते त्यानं खुर्चीत बसताना बाहेर ठेवलेलं असावं. असल्या माणसाला आम्ही वर चहा पाजला, याची मला अजून चीड येते.

एसटीनं परतलो. घरी आल्या आल्या अक्कानं पहार उचलली आणि भर दुपारी सांडव्यातले दगड उचकटायला लागली. मी पदर खोचून गोण्या ओढल्या. वाट मोकळी झाली तसं पाणी धो धो बाहेर पडू लागलं. निरोप कुणी पोचवला कोण जाणे. पाळ झिरपत होती तेव्हा तिकडे न फिरकलेला सरपंच फटफटी दामटत आला, मागून अर्धं गाव.

"अक्का, मनं धरण फोडी ऱ्हायनी का तू?"

अक्कानं पहार टेकवली. "बरं व्हयनं भाऊ, मालक सापडी गया. तुनं धरण शे ना? मंग चाल, खाले पाझरी ऱ्हायनं ते बुज."

सरपंच स्वतःच्या तोंडानं 'माझं धरण' म्हणाला, हे सगळं गाव ऐकत होतं.  दिवस मावळायच्या आत त्याच्याच ट्रॅक्टरनं आणलेला दगड-मुरूम पायथ्याशी पडला. तो सगळा टाकून होईपर्यंत अक्का सांडव्याच्या काठावरून हलली नाही. पहार मांडीवरच होती.