रानलसणाचा वास

जर्मनीत मुलीच्या घरामागे रान आहे. वसंतात तिथे झाडांखाली जमीनभर रानलसूण उगवतो, रुंद, कोवळ्या पानांचा. काल शेजारच्या हेल्गाआजी मला आणि मुलीला तिकडे घेऊन गेल्या. हिवाळाभर जड झालेलं पोट या पानांनी हलकं होतं, असं त्यांच्याकडे पूर्वीपासून मानतात. मग त्या थांबल्या आणि काहीतरी बजावून बोलल्या. मुलीने मला मराठीत सांगितलं, "आई, हुबेहूब अशाच पानांचं एक विषारी रोपटं यातच उगवतं. प्रत्येक पानाची कड चुरडून हुंगायची. लसणाचा वास आला तरच घ्यायचं."

मी तसंच केलं. चुरडलं, हुंगलं, टोपलीत टाकलं. माहेरी टाकळ्याची रानभाजी खुडताना असं काही करावं लागलं नव्हतं. तिथे हातांनाच ओळख होती. इथे सगळी भिस्त नाकावर.

घरी येऊन पानं चिरली, थालीपिठाच्या पिठात मळली. पहिलं थालीपीठ तव्यावर टाकून हात साबणाने धुतले. मग सहज केस मागे सारायला हात वर नेला, तर बोटांना लसणाचा वास! साबणानेही न गेलेला.

चार-पाच पानांनंतर मी पान हुंगत होते, की माझीच बोटं? पुढची सगळी टोपली कुणाच्या भरवशावर भरली?

"आजी, झालं का गं?" नात ताटली घेऊन शेजारी उभी होती. "कसला मस्त वास येतोय!"

मी शेगडी बंद केली.