बाजाराची सुट्टी आणि बाबांचा हात

अमेरिकेचा शेअर बाजार आपल्या घड्याळाने उन्हाळ्यात संध्याकाळी सातला उघडतो आणि हिवाळ्यात आठला. तिथले लोक वर्षातून दोनदा घड्याळं तासभर पुढंमागं करतात, आपण करत नाही, म्हणून हा फरक. हे आता मला पाठ आहे. पण दहिवलीच्या आमच्या घरात त्या बाजाराच्या सुट्ट्या माझ्याआधी माझ्या बाबांना कळल्या होत्या. त्या का कळल्या, हे सांगताना अजूनही माझी मान खाली जाते.

त्या वर्षी मे महिन्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. कर्जतहून व्यायाम शिकवायला एक बाई आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "सुरुवातीचे महिने हातचे घालवू नका. मूठ आवळून बसली की मग उघडणं कठीण." रोज दोन वेळा एकेक बोट हळूहळू सरळ करायचं, मग वाटीतले वाल एक-एक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायला लावायचे. सकाळची पाळी बायकोने घेतली. संध्याकाळी सातची मी आपणहून मागून घेतली. खालापूरच्या कारखान्यातल्या ऑफिसातून मी सहाला घरी येतो, बाबा आठला जेवतात, म्हणून सात.

त्याच सुमारास मी अमेरिकेतले थोडेथोडे शेअर घ्यायला लागलो होतो. मुलीला पुढे बाहेर शिकायला जायचं होतं, तेव्हा डॉलरमध्ये काहीतरी असावं एवढाच विचार. घ्यायचे आणि दहा वर्षं विसरायचे, असे ते शेअर. त्यांच्याकडे रोज बघायची काही गरज नव्हती. तरी मी बघायचो. सातला बाजार उघडला की पहिल्या अर्ध्या तासात भाव उड्या मारतात, त्या उड्यांची मला चटक लागली होती.

मी बाबांच्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसायचो. माझ्या डाव्या हातात त्यांचा उजवा हात, आणि माझ्या उजव्या हातात फोन. एक बोट सरळ करायचो आणि तिथेच थांबायचो. वालांची वाटी कधी काढायचो, कधी नाही. स्वयंपाकघरातून बायकोला दिसायचं की आम्ही दोघं हातात हात घेऊन बसलोय. ती एवढंच म्हणायची, "दिवेलागणीला फोनपुढं बसता, एखादी अगरबत्ती तरी लावा त्याला." बाकी व्यायाम होतोय, असंच तिला वाटत होतं.

बाई विचारायच्या, "संध्याकाळचं नियमित होतंय ना?" मी "हो" म्हणायचो. बाई मग बाबांकडे बघायच्या आणि बाबाही मान हलवायचे. त्या मान हलवण्याने मी सुटायचो. महिनाभर नाही, सबंध पावसाळा असं चाललं.

सप्टेंबरातला पहिला सोमवार. गणपती पाच दिवसांवर आले होते. सात वाजले, फोन उघडला, भाव हलेनात. बंद करून पुन्हा चालू केला. गच्चीवर जाऊन आलो. नेट गेलं असं धरून मुलीवर ओरडलो, "दिवसभर व्हिडिओ बघतेस, सगळं नेट तूच संपवतेस!"

तेवढ्यात पलंगावरून बाबांचा आवाज आला. एकेक शब्द ओढत ते म्हणाले, "तिला... नको बोलू रं. आज... सुट्टी हाय त्यांना."

मला कळेचना. बाबांनी डाव्या हाताने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. त्या सोमवारच्या तारखेभोवती निळ्या पेनाने गोल केला होता. मागची पानं उलटली. एकोणीस जूनला गोल, चार जुलैला गोल.

मुलगी चिडलेलीच होती. म्हणाली, "पप्पा, जूनमध्ये आजोबांनी मला विचारलं, आज तुझ्या बापानं फोन का ठेवला? मी बघून सांगितलं, त्यांच्याकडे सुट्टी होती. तर म्हणाले, सगळ्या सुट्ट्या शोध आणि गोल कर. काही तारखेनं येतात, काही वारानं. ही सप्टेंबरची पहिल्या सोमवारीच असते. तुम्हालाच माहीत नाही?"

मी खुर्चीवर बसलो. जूनमध्ये आणि जुलैमध्येही भाव हलले नव्हते, तेव्हा पावसाने नेट गेलं असं धरून मी फोन ठेवून दिला होता. ते गोल मला ओळखीचे होते.

बाबा रसायनीच्या एका कारखान्यात पाळीने कामाला होते. लहानपणी आम्ही मोहोपाड्याला कॉलनीत राहायचो. महिना लागला की बाबा कॅलेंडर खाली काढून त्यावर खुणा करायचे. दुपारपाळीचे दिवस फुलीचे, कारण त्या आठवड्यात ते रात्री अकराला सुटत आणि आमची भेट होत नसे. सुट्टीच्या दिवसाला गोल. मी शाळेतून आलो की आधी गोल किती लांब आहे ते मोजायचो.

आता बाबा मोजत होते. त्यांचा हात माझ्या हातात असताना.

"तुमी सांगायचं ना मला," मी म्हणालो. कॉलनीतली जुनी बोली आपोआप तोंडात आली.

"दुपारपाळी... हाय तुझी," बाबा म्हणाले. "कामावरच्या माणसाला... काय सांगायचं?"

ते टोमणा मारत नव्हते. खरंच त्यांना तसं वाटत होतं, आणि तेच मला लागलं. त्या संध्याकाळी मी पाचही बोटं उघडली, वालाची अख्खी वाटी रिकामी होईपर्यंत बसलो. पुढच्या खेपेला बाईंना खरं सांगितलं. मी बोलत असताना बाबा मध्येच म्हणाले, "घेतो की तो. जरा... कमी घेतो." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आता जास्त घ्या."

आता काही घ्यायचं असेल तर मी दुपारी ऑफिसातच फोनवर भाव लावून ठेवतो. रात्री तो भाव आला तर सौदा आपोआप होतो, नाही तर नाही. बाबांची तीन बोटं उघडतात, पेला धरता येतो, बोलणंही बरंच सुटलंय. करंगळी आणि शेजारचं बोट मात्र वाकलेलीच राहिली. ते माझ्या पावसाळ्यामुळे की झटक्यामुळे, बाईही सांगू शकत नाहीत. घरात मला कुणी विचारलेलं नाही. बाबांनी तर नाहीच.

यंदाचं कॅलेंडर आलं तेव्हा बाबांनी पेन मागितलं, उजव्या हातात घेतलं आणि नातीला तारखा वाचायला सांगितल्या. जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारभोवती त्यांनी गोल काढायला घेतला. वेडावाकडा, खालून उघडा राहिलेला.

मी म्हणालो, "बाबा, मी रोजच बसतो आता. गोल कशाला?"

"राहू दे रं. बाजार बंद असला की तुला कळत नाय, आन मग पोरीवर ओरडतोस," ते म्हणाले. आणि नातीकडे वळून, "पुढची सांग गं."