पाचवीतली रेणुका दुसरीला शिकवते

मंडळी, आज सकाळी आमच्या झेडपी शाळेत नळ बघायला गेलो. दुसरीच्या वर्गात पाढे चालले होते, पण आवाज बाईंचा नव्हता. डोकावलो, तर पाचवीतली रेणुका शिकवत होती.

बाई कौतुकानं म्हणाल्या, "दादा, हिची गणितं दहा मिनिटांत होतात. मग इथं बसवते. दोन्ही वर्ग माझ्याकडेच आहेत."

"आणि तुला कोण शिकवतं गं?" मी रेणुकाला विचारलं.

"मला येतंय की सगळं. सहावीचं पुस्तक मागितलं, तर बाई म्हणल्या पुढच्या वर्षी."

तेव्हापासून चैन नाही. शाळा समितीत असून मी नळाचं विचारलं, छताच्या पत्र्यांचं विचारलं. हुशार पोरीला पुढं काय देता, हे कधीच विचारलं नाही.

पुस्तक आजच नेऊन देतो. माझ्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या इंजिनिअरांनो, शनिवारी तासभर तिला शिकवायला कोण येतंय?