बाबांचा होकार

त्या दिवशी माझं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. पुण्याहून आलेल्या दादाने बाबांना सोबत न्यायचं म्हणून त्यांची बॅग भरायला घेतली होती आणि वर मलाच ऐकवत होता, "अगं, विचारलंय मी त्यांना. हो म्हणाले."

म्हणाले कसले डोंबल! मान हलवली. पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबांचं बोलणं गेलं होतं, मान मात्र छान हलायची. आई तर येईल त्याला कौतुकाने सांगायची, "यांना सगळं कळतं हो. उलट आताच जास्त ऐकतात माझं."

भोपाळच्या इंद्रपुरीतल्या आम्हा कारखानावाल्यांच्या मराठी घरांत एक पालुपद असतं: रिटायर झालो की चाललो आपल्या माणसांत. बाबाही तेच म्हणायचे. पण रिटायर होऊन कैक वर्षं झाली तरी ते इथून हलले नव्हते, हे कुणी लक्षातच घेतलं नाही.

दुपारी मी त्यांना साकेत नगरला दवाखान्यात नेलं. बोलणं परत यावं म्हणून व्यायाम घेणारी तिथली मुलगी म्हणाली, "दीदी, आज आप बोलिए, मराठी में." तिने दोन चित्रं मांडली. एकात आजी नातीला भरवत होती, दुसऱ्यात नात आजीला.

"बाबा, नात आजीला भरवतेय. कुठंय?"

त्यांनी भरवणाऱ्या आजीवर बोट ठेवलं. मी शब्द फिरवून 'आजीला नात भरवतेय' असं सांगितलं. बोट तिथेच. मग मांजर कुत्र्याच्या मागे लागलंय म्हटलं, तर यांनी मांजरामागे पळणारा कुत्रा दाखवला. नुसतं 'आजी' म्हटलं की आजी बरोबर, 'नात' म्हटलं की नात बरोबर. शब्द पोचत होते. कुणी कुणाला, तेवढंच पोचत नव्हतं, आणि ती जागा ते जगाच्या रीतीने भरत होते.

अरे, आम्ही तरी दुसरं काय केलं होतं? पुणे हा शब्द आणि हललेली मान, एवढ्यावर अख्खं वाक्य आमच्या सोयीने पुरं केलं होतं.

घरी येऊन सांगितलं तर दादा भडकला. "तुला त्यांना पाठवायचंच नाहीये, सरळ सांग ना!"

मी बाबांसमोर बसले. "बाबा, दादाबरोबर पुण्याला जायचंय ना?"

मान हलली.

"बाबा, इथेच राहायचंय ना, भोपाळला?"

मान हलली. तितक्याच आनंदाने. दादा बॅगेची चेन लावत होता, तो थांबला.

आई पलंगावर त्यांच्या बंड्यांच्या घड्या करत होती. तिचा चेहरा उतरला. "अगं, पण मी रोज विचारते ना यांना," ती म्हणाली, "कुठे दुखत तर नाही ना म्हणून..."

बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली.