देवनहळ्ळीच्या किल्ल्यात विचारलेले गाव

आमच्या गावच्या फाट्यावर बेळगावची मोटार थांबली तेव्हा आईने माझ्या पिशवीत भाकरीचे गाठोडे कोंबले आणि वडिलांनी हातात एक पोस्टकार्ड दिले. कार्डावर आमच्या घरचा पत्ता मास्तरांकडून आधीच लिहवून घेतलेला होता. वडील म्हणाले, "पोचलास की टाक. आन् परमुलखात कुणी इचारलं तर आधी गावाचं नाव सांग. नुसता माणूस कोण वळखतोय?" चिकोडी तालुक्यातल्या त्या फाट्यावरून मी एवढी एकच आज्ञा घेऊन निघालो.

गावाकडील मंडळींनो, आणि माझ्याप्रमाणे निघून आलेल्या बंधूंनो, सदरहू हकीगत आपणा दोघांसाठी लिहीत आहे.

माझे शिक्षण मराठी सहावीपर्यंतचे. तथापि अक्षर वळणदार आणि कानडी घरच्यासारखी येणारी, म्हणून बेंगळुरात कचेरीबाहेर टेबल मांडून मी अर्जनवीस झालो. इंग्रजीतली जरूर ती वाक्येही मुखोद्गत केली. मी लिहिलेला अर्ज परत येत नाही, असा लौकिक आहे. प्रत्येक अर्जाच्या प्रारंभी मी लिहितो : मूळ राहणार अमुक, हल्ली मुक्काम बेंगळूर. किती माणसांसाठी हे लिहिले याची गणती नाही. स्वतःसाठीही तेच लिहीत आलो. पुढे राज्यांची फेररचना झाली आणि आमचा तालुकाही बेंगळूरच्याच म्हैसूर राज्यात आला. मी सरहद्द ओलांडून आलो होतो. मागाहून ती सरहद्दच उठून आमच्या गावापलीकडे जाऊन बसली. माझा हल्ली मुक्काम मात्र हल्लीच राहिला.

आई गेल्यावर वडील एकटे पडले. मी त्यांना राजाजीनगरच्या दोन खोल्यांत घेऊन आलो. नळाला पाणी होते, सूनबाई वेळेवर चहा देत होती, पण ते दिवसभर उंबऱ्यावर बसून रस्ता पाहत. "समदं हाय रं इथं," एकदा म्हणाले, "पण हाक मारायला कोण न्हाई."

दिवसभर लोकांची गाऱ्हाणी लिहून मी घरी येई, तेव्हा ते जागचे हललेले नसत. त्यांनी कायमचे राहावे अशी माझी मनापासून इच्छा होती. रेशनकार्डात त्यांचे नाव घालण्याकरिता मी एक जबानी तयार केली होती : मी माझ्या मुलाजवळ कायमचा राहत आहे. खाली त्यांच्या अंगठ्याची जागा कोरी होती. महिनाभर ते "बघू" म्हणत राहिले. शेवटी मी ठरविले की यांना राजाचा किल्ला दाखवावा. हा मुलूखही जुना आहे, मानाचा आहे, हे डोळ्यांनी पटले की अंगठा आपोआप उठेल.

रविवारी बसने देवनहळ्ळीस गेलो. शाईची डबी आणि ती जबानी कोटाच्या खिशात होती. दरवाजातून आत शिरताना मी माहिती सांगू लागलो, की पाळेगारांनी, म्हणजे इथल्या जुन्या सरदारांनी, हा किल्ला प्रथम मातीचा बांधला, पुढल्या राजांनी दगडाचा केला, हे बुरूज पाहा, ही तटबंदी पाहा.

"व्हय. पण राजा ऱ्हायचा कुठं?"

वाडा दाखवण्यासारखा उरला नव्हता. किल्ल्याच्या पोटात साधी घरे होती. अंगणात नाचणी वाळत होती, दारात म्हैस बांधलेली, एक बाई विहिरीवरून घागर घेऊन येत होती. वडील उभे राहिले आणि महिन्यात पहिल्यांदा हसले.

"आरं, हे गावच हाय की! किल्ला किल्ला काय लावलंयस?"

मी खिशातली डबी चाचपली. वेळ हीच होती.

देवळाच्या पायरीवर एक म्हातारी चकोते, म्हणजे आपली पपनसे, विकत बसली होती. वडिलांनी एक उचलून वास घेतला. "अज्जी, सिहि ऐतेन?" गोड आहे का, त्यांनी विचारले. आमच्याकडची कानडी ऐकून तिला मौज वाटली. तिने विचारले, "याव ऊरु?" गाव कोणते?

वडील म्हणाले, "चिकोडी हत्तिर." चिकोडीजवळचे.

त्याच क्षणी मी म्हणालो, "बेंगळूर."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "अप्पंदु ओंदु ऊरु, मगंदु ओंदु ऊरु!" बापाचे एक गाव, लेकाचे दुसरे!

फाट्यावरची ती आज्ञा मी कधी मोडली होती, मला आठवेना. वडील रागावले नाहीत. पायरीवर बसून त्यांनी चकोता सोलला, अर्धा मला दिला. मग म्हणाले, "काढ तुझा कागद. किती वेळ खिसा चाचपतुयास!"

मी जबानी वाचून दाखवली. मूळ राहणार, हल्ली मुक्काम, सर्व रीतसर. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

"चांगलं लिवतोस. पण मला ते हल्ली नगं." त्यांनी हाताला लागलेला रस धोतराला पुसला. "तुजं हितं ठरलं, ते बरं झालं. पण तू कार्ड टाकतुयास गावाकडं. तिथं कुणीच नसलं तर घेणार कोण?"

मी जबानीची घडी घालून ती परत खिशात ठेवली.

आठ दिवसांनी त्यांना गावाकडच्या गाडीत बसवून दिले. त्यानंतर तीन वर्षे मी दरमहा कार्ड टाकले आणि मास्तरांच्या अक्षरात उत्तर येत गेले : पोचले. नंतर उत्तर आले ते भावकीचे, वडील गेल्याचे. घराला आता कुलूप आहे.

परवा माझ्या मुलीने कॉलेजचा फॉर्म पुढे केला. मूळ गावाच्या रकान्यात तिने बेंगळूर लिहिले होते. "अण्णा, सरी ना?" बरोबर आहे ना, तिने विचारले. इतरांचे मसुदे मी निर्दयपणे खोडतो. हे एक नाव मला खोडवले नाही. "सरी," मी म्हणालो.

पालकाच्या सहीखाली कायमच्या पत्त्याकरिता दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत मी आमच्या गावाचे नाव लिहिले.

"अण्णा, तिथं कोण आहे आता? पत्र गेलं तर घेणार कोण?"

हाच प्रश्न वडिलांनी किल्ल्यात विचारला होता, आणि त्याचे उत्तर होण्यासाठी ते स्वतः परत गेले होते. गावाचे नाव तसेच ठेवून मी शाई वाळेपर्यंत थांबलो आणि फॉर्म तिच्या हाती दिला.