आमच्या गल्लीची पाळी

आम्ही ऊसतोडीहून परतलो तेव्हा दारात नळ बसला होता. सासूबाई नातवंडांना घेऊन गावातच राहिल्या होत्या. त्यांनी तोटीला बाजाराची पिशवी अडकवून ठेवलेली. पाणी येतच नव्हतं, मग करणार काय? खालच्या गल्लीत नळानळाला पाणी ओढायची मोटार. आमची वस्ती चढावर, तिथवर नुसती हवा पोचायची. आमचे हंडे आपले विहिरीवरच.

मी, जाऊ आणि शेजारच्या दोघी सरपंचांच्या घरी गेलो. बघतो, करतो, असं ते म्हणत होते. मोटार त्यांच्याही नळाला होती, पण तोंडावर कोण बोलणार? चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं सगळं ऐकलं आणि ती नवऱ्याला म्हणाली, "आधी आपली मोटार काढा. मग दुसऱ्याला सांगायला तोंड ऱ्हाईल."

आठवड्यात मोटारी निघाल्या आणि गल्लीवार पाळ्या लागल्या. आमची एक दिवसाआड, सकाळी.

पहिल्या पाळीला आम्ही हंडे, घागरी, बादल्या, कुकर, परातसुद्धा मांडून बसलो. नळ खोकला, लाल पाणी थुंकला आणि मग मनगटाएवढी धार पडली. जावेला हसू फुटलं. कशाचं, ते तिलाही सांगता येईना. तिचं बघून मलाही आवरेना.

बघता बघता सगळं भरलं. मी तोटी बंद करायला गेले तर सासूबाईंनी हात धरला. "बंद केलं अन् परत न्हाई आलं तर?"

मग आम्ही कामं शोधायला लागलो. घासलेली भांडी परत घासली, उंबरा धुतला, बाज धुतली. सासूबाईंनी शेळी धुवायला घेतली, ती निसटून घरात घुसली आणि अंथरुणावर उभी राहून तिनं अंग झाडलं. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी तोंडात पदर धरून हसत बसल्या. जावेनं माझ्यावर तांब्या ओतला, मी तिच्यावर बादली. लेकरं मोठी झालेल्या आम्ही दोघी बाया, ओल्या लुगड्यांनी अंगणभर पळत होतो.

दुपारी मी पुन्हा अंघोळ केली.

"परत कावून?" सासूबाईंनी विचारलं.

"पाणी हाय म्हणून, आत्याबाई."

त्यांनी जरा विचार केला, टॉवेल मागितला आणि स्वतः न्हाणीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पाळी नव्हती, तरी त्या नळापाशी बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी पाणी आलं, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. आता शेजारणीचा नळ वाहता दिसला तरी जाऊन बंद करतात. लाइट गेली तर पाळी संध्याकाळवर जाते, पण चुकत नाही.

यंदा आम्ही तोडीला आलोय. पाळीच्या दिवशी सासूबाई फोन करतात, बोलत काहीच नाहीत, फोन धारेजवळ धरतात. मी आणि जाऊ उसाच्या फडात एका फोनला दोघी कान लावून हसत असतो आणि मुकादम आमच्याकडे बघत राहतो.